जुन्या पिकअपला मोठे टायर: उंची किती वाढवायची, कशी, आणि कुठे थांबायचं

चोपडा-यावलच्या पट्ट्यात, शहादा-धडगावकडे किंवा चाळीसगावजवळ गौताळ्याच्या अंगाला ज्यांची शेती नाहीतर कामधंदा आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात एक जुनी पिकअप उभी असते. इंजिन ठणठणीत, चेसी मजबूत. पण नाल्यात उतरली की हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधलं अॅक्सल आणि त्याच्या गिअरचं लोखंडी कवच) दगडाला लागतं, आणि पावसाळ्यात वावराच्या रस्त्याला गाडी पोटावर बसते. मग मोबाइलवर अमेरिकेतल्या उंच गाड्यांचे व्हिडिओ बघून वाटतं, आपलीही अशीच करून घेऊ. मी माझ्या जुन्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपवर हे काम करून घेतलं आहे. ज्यांनी अजून एकही नट ढिला केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. सस्पेन्शन उंच केलं की केबिन, चेसी आणि हौदा वर जातो. मागचं हाउसिंग मात्र जमिनीपासून होतं तेवढ्याच उंचीवर राहतं, कारण ते चाकावर टेकलेलं आहे. माझं काम करणारे मिस्तरी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "गाडी उंच करीसन काय फायदा, हाउसिंग तं तठेच शे!" (हाउसिंग तर तिथेच आहे!) हाउसिंग वर जातं ते फक्त टायर मोठा झाल्यावर, आणि तेही व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्मंच. म्हणून आधी टायर ठरवा. तो टायर न घासता फिरावा एवढीच उंची वाढवा. त्याच्या वरचा प्रत्येक इंच तुम्हाला वळणावर आणि घाटात महागात पडेल.

१. पाना हातात घेण्याआधी कायदा आणि कागद

हे प्रकरण कंटाळवाणं आहे, पण इथूनच सुरुवात करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ जे तपशील दिले आणि जे आरसीवर नोंदले गेले, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये विनापरवानगी बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. "सगळेच करतात, कोणी विचारत नाही" हे गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळेल. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो आणि नेमकं हेच विचारतो.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी माझा सल्ला साधा आहे. तुमच्या मॉडेलच्या कुठल्याही प्रकाराला कंपनीने जो सर्वात मोठा टायर दिला असेल, तिथपर्यंतच जा, आणि थकलेलं सस्पेन्शन मूळ उंचीवर आणा. याच्या पुढे जायचं असेल तर आपल्या आरटीओत, म्हणजे धुळ्याला एमएच १८, जळगावला एमएच १९ किंवा नंदुरबारला एमएच ३९ च्या कार्यालयात, लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. परवानगी मिळाली नाही तर मोठी उंची फक्त स्वतःच्या जमिनीवर फिरणाऱ्या गाडीसाठी ठेवा.

सोबत काय काय लागेल: आरसी, चालू विमा पॉलिसी, पीयूसी, पिवळ्या पाटीची गाडी असेल तर फिटनेस प्रमाणपत्र, कर्ज बाकी असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती, आणि गाडीचे चारही बाजूंनी काढलेले आताचे फोटो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी होतं, त्यामुळे बदल लपून राहील या भरवशावर बसू नका. खासगी गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर आधी नोंदणीचं नूतनीकरण उरका, मग गाडीला हात लावा. प्रत्येक सुट्या भागाचं पक्कं बिल घ्या. चिठ्ठीवर लिहून दिलेला हिशोब पुढे कुठेच चालत नाही.

२. गाडी खालून बघा

जुन्या गाडीचं अर्धं दुखणं इथेच सापडतं. बऱ्याचदा गाडी बसकी दिसते ती पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) बसल्यामुळे. वर्षानुवर्षं केळीचे घड आणि खताच्या गोण्या वाहिल्या की पाट्याची कमान जाते आणि गाडी मूळ उंचीपेक्षा खाली येते. अशा गाडीला नवीन पाटे, नवीन बुश आणि नवीन शॉकअप टाकले की बरीच उंची आपोआप परत मिळते, आणि ती कायदेशीर असते. कित्येकांचं काम एवढ्यावरच भागतं.

सपाट फरशीवर गाडी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि चारही आकडे वहीत लिहा. डावी-उजवीकडे फरक दिसला तर आधी तो पाटा बघा. मग गाडीखाली जाऊन चेसी तपासा: पाट्याच्या हँगरच्या (पाटा जिथे चेसीला टांगलेला असतो त्या ब्रॅकेटच्या) आसपास वेल्डिंगचे जुने डाग, तडे, गंज. हातोडीने हलके ठोके मारत जा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर तिथला पत्रा खाल्ला गेला आहे. अशा चेसीवर उंचीचं काम करू नका.

बॉल जॉइंट, टाय रॉडचे एंड, स्टिअरिंग बॉक्समधला खुळखुळा, चाकाचे बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हे सगळं आधी नवं किंवा घट्ट असायला हवं. मोठा टायर जड असतो. जिथे थोडा ढिलेपणा आहे तिथे तो महिन्याभरात उघडा पाडतो.

३. टायरचं गणित

टायरच्या अंगावर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असेल तर २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे अंगाची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि १५ हा रिमचा व्यास इंचात. अंगाची उंची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवला की टायरचा पूर्ण व्यास निघतो. २१५/७५ आर १५ चा साधारण ७०४ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चा ७३४. आणि सगळ्यांना हवाहवासा वाटणारा ३१ इंची टायर म्हणजे ७८७ मिलिमीटर.

आता २१५ वरून २३५ वर गेलात तर हाउसिंग वर येतं १५ मिलिमीटर. ३१ इंचीवर गेलात तर ४२ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंचाला थोडं कमी. एवढ्यासाठी बाकी सगळं किती बदलतं ते बघा. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६७ ने पळते. किलोमीटरही कमी नोंदले जातात, त्यामुळे मायलेज आहे त्यापेक्षा कमी भासतं, आणि काही प्रमाणात खरंच घटतं. गिअर सगळे लांबल्यासारखे होतात: जो चढ गाडी दुसऱ्यात चढायची तिथे पहिला टाकावा लागतो, क्लच जास्त घासतो. चांदसैलीच्या घाटात भरलेल्या गाडीने हा फरक पहिल्याच वळणावर जाणवतो.

रिमची रुंदीही बघा. २३५/७५ आर १५ ला ६ ते ८ इंच रुंदीचा रिम चालतो. ३१ इंची १०.५० टायरला किमान ७ इंच लागतो. जुन्या अरुंद रिमवर तो कोंबला तर टायर मधोमध फुगतो आणि कडेला जमिनीला नीट लागत नाही. जास्त बाहेर निघालेला रिम दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवरचा ताण वाढवतो आणि वळवताना टायर मडगार्डच्या कोपऱ्यात घालतो.

लोड इंडेक्स हा आकडा दुकानदार स्वतःहून सांगत नाही, तुम्ही विचारा. पिकअप माल वाहते. मूळ टायरपेक्षा कमी वजन पेलणारा टायर, तो कितीही दणकट दिसला तरी, घेऊ नका. आणि टायरच्या अंगावरचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर स्वस्त मिळतो, तो तिथेच राहू द्या.

४. खान्देशच्या जमिनीला कुठला टायर

मोठ्या खाचांचा मड टायर की ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांना चालणारा), यावर गॅरेजमध्ये तासन्‌तास वाद चालतात. माझं मत ऑल टेरेनच्या बाजूचं आहे. आपल्याकडे वर्षातले आठ महिने जमीन कोरडी असते आणि गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावरच असते. मड टायर तिथे आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर कमी पकडतो. सातपुड्यातल्या काळ्या दगडावर हवा असतो जाड, मजबूत अंगाचा टायर, आणि तसे ऑल टेरेन टायर मिळतात.

खरी परीक्षा काळ्या मातीची. पाऊस पडून गेल्यावर रेगूर मातीत दहा-पंधरा पावलं चाला आणि चपलेकडे बघा. चाकाचंही तेच होतं. खाचा भरतात, टायर गुळगुळीत होतो, आणि मातीचा थर फिरत फिरत मडगार्डपर्यंत वाढत जातो. कोरड्यात जो टायर बोटभर अंतर ठेवून फिरतो, तो चिखलात आतून मडगार्डला घट्ट बसतो. म्हणून सगळ्या बाजूंनी किमान तीन बोटं मोकळी जागा ठेवा. आणि भर पावसात काळ्या वावरात गाडी घालूच नका; कोणताही टायर तिथून हमखास बाहेर काढत नाही.

काढून नेलेल्या कपाशीच्या वावरातून जाताना पऱ्हाटीची तिरपी छाटलेली धसकटं टायरच्या अंगात घुसतात, आणि तिथल्या भोकाला पंक्चरचा दोरा टिकत नाही. वेड्या बाभळीचा काटा त्या मानाने परवडला, तो बहुधा तळव्यातून जातो.

५. उंची वाढवण्याच्या पद्धती

पुढे-मागे पाटे असतील तर पर्याय बरेच आहेत, आणि सगळे सारखे नाहीत.

नवीन, जास्त कमानीचे पाटे हा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात महाग मार्ग. गाडी बसत नाही, चालही चांगली राहते.

जुन्या संचात एक पाटा वाढवणं स्वस्त पडतं. वजन पेलायला बरं, पण रिकामी गाडी दणके देते.

जुने पाटे तापवून, ठोकून कमान परत आणून देणारे कारागीर आपल्याकडे धुळे-जळगावच्या ट्रक गॅरेजांजवळ मिळतात. तापवल्यावर पाट्याला पुन्हा नीट पाणी दिलं गेलं नाही तर तो काही महिन्यांत पुन्हा बसतो किंवा तुटतो. यावर पैसे घालू नका असंच मी सांगेन.

लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती पट्टी) सगळ्यात सोपं वाटतं. लक्षात ठेवा, शॅकल दोन इंच लांब केलं तर गाडी साधारण एकच इंच वर जाते. पुढच्या अॅक्सलला ते लावलं की अॅक्सल फिरतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटू लागते. मग पाट्याखाली पाचरीसारखी तिरपी पट्टी टाकून कॅस्टर परत आणावा लागतो. ती पट्टी लोखंडाची हवी.

हाउसिंग आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक (ठोकळा) टाकणं फक्त मागच्या बाजूला, आणि एकच ब्लॉक. एकावर एक दोन ब्लॉक कधीही नाही. पुढच्या अॅक्सलला ब्लॉक अजिबात नाही. ब्रेक मारताना अॅक्सलवर पिळा येतो आणि ब्लॉक सरकला तर स्टिअरिंग हातात उरत नाही. लाकडाचे ब्लॉक लावून फिरणाऱ्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. त्या गाडीत कोणाच्याही सोबत बसू नका.

पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असेल तर त्याचा बोल्ट आवळून गाडी वर येते, आणि म्हणूनच हा फुकटचा उपाय सगळे सुचवतात. त्याने बार कडक होत नाही. पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात चाक लटकतं तेव्हा वरचा आर्म ठोकरला आदळतो आणि बॉल जॉइंट तिरपे होतात. एक इंचापर्यंत ठीक. नंतर अलाइनमेंट करायलाच हवी. पुढे कॉइल स्प्रिंग असलेल्या इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाडीला त्याच मॉडेलसाठी बनवलेला स्प्रिंग-शॉकअपचा संच घ्या, वाशर घालून उंची काढू नका.

चेसी आणि केबिनच्या मध्ये गुटके टाकून फक्त वरचा भाग उचलण्याची पद्धतही आहे. टायरला जागा मिळते, पण स्टिअरिंग शाफ्ट, डिझेल भरायची नळी, गिअर लिव्हर, रेडिएटरचं कव्हर, अर्थिंगची वायर सगळं ताणलं जातं. जुन्या, गंजलेल्या केबिनला हे करू नका.

माझी मर्यादा दोन इंच. त्याच्या पुढे प्रत्येक भाग बदलत जावा लागतो.

६. प्रत्यक्ष काम

हत्यारं: तीन टनी जॅक, गाडी टेकवायच्या मजबूत घोड्या, चाकांना अडसर, टॉर्क पाना, मोठे रिंग पाने, जी क्लॅम्प, ग्राइंडर, टेप, खडू आणि गंज सोडवायचं तेल. तेल आदल्या रात्रीच सगळ्या यू बोल्टवर (पाटे हाउसिंगला जखडणारे यू आकाराचे बोल्ट) टाकून ठेवा.

घोड्या चेसीखाली लावायच्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जायचं नाही, मग मिस्तरी कितीही अनुभवी असोत. एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे अॅक्सल जागेवरून हलत नाही. पाटा वाढवत असाल तर सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) काढण्याआधी दोन्ही बाजूंनी जी क्लॅम्प आवळा. पाटे ताणलेले असतात, सुटले तर बोटं जातात.

यू बोल्ट नवेच हवेत. एकदा पूर्ण ताणलेला यू बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. ब्लॉक टाकला असेल तर तेवढे लांब लागतील. ब्लॉकची खुंटी हाउसिंगच्या भोकात आणि सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात नीट बसलं का, हे बोटाने चाचपून बघा. मग चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळत या. शेवटी चारही टोकांना नटाबाहेर सारखे आटे दिसले पाहिजेत. एका बाजूला जास्त दिसले तर प्लेट तिरपी बसली आहे, परत सोडा.

शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट मात्र गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा हौदा दाबून हलवा, मगच आवळा. नाहीतर रबरी बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि पहिल्या पावसाळ्याआधीच फाटतात.

७. उंचीमागून येणारी कामं

गॅरेजवाले हा भाग सहसा सोडून देतात, कारण तो बाहेरून दिसत नाही.

ब्रेकच्या रबरी नळ्या बघा. चाक पूर्ण खाली लटकलेलं असताना नळी ताणली जाता कामा नये, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवूनही नाही. मागच्या हाउसिंगवर वजनानुसार ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याची दांडी हाउसिंगला जोडलेली असते. गाडी उंच झाली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीलाही तो मागचा ब्रेक कमी देतो. घाट उतरताना याचा अर्थ काय ते सांगायला नको. त्याचा ब्रॅकेट उंचीच्या प्रमाणात हलवून घ्या आणि गाडी भरून ब्रेक तपासा.

शॉकअप जुनेच ठेवले तर चाक लटकल्यावर ते पूर्ण ताणले जाऊन आतून तुटतात. लांब शॉकअप लागतील. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, ठराविक वेगाला थरथर सुरू झाली तर कारण तिथे आहे. शाफ्टचा सरकता सांधा किती बाहेर आला तेही बघा. पुढे सलग अॅक्सल असलेल्या गाडीत स्टिअरिंगची दांडी तिरपी होते आणि खड्ड्यात गाडी स्वतःच एकीकडे ओढते.

हेडलाइट खाली करून घ्या. उंच गाडीचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो.

८. घासतंय का, हे बांधावर तपासा

सपाट जमिनीवर स्टिअरिंग फिरवून "घासत नाही" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. शेताच्या बांधावर पुढचं डावं चाक चढवा, मागचं उजवं दुसऱ्या उंचवट्यावर घ्या. आता दाबलेल्या चाकाचं स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि एकाला बाहेरून बघायला लावा. मडगार्डच्या आत खडू फासून ठेवला तर जिथे टायर लागला तिथला खडू पुसलेला दिसतो. मग हौद्यात नेहमीचं ओझं टाकून हेच पुन्हा. टायर पाट्याला, स्टिअरिंगच्या दांडीला किंवा ब्रेकच्या नळीला लागत असेल तर तो टायर तुमच्या गाडीचा नाही. मडगार्डच्या प्लॅस्टिकला जेमतेम टेकत असेल तर बंप स्टॉप (चाकाला जास्त वर येण्यापासून अडवणारा रबरी ठोकळा) खाली घेऊन भागतं.

९. पहिले काही दिवस आणि नंतर

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे यू बोल्ट, शॅकल आणि चाकाचे नट पुन्हा आवळा. पाचशेनंतर परत एकदा.

हवा सकाळी गाडी थंड असताना बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी मोजलेली हवा फसवते. गिरणा-तापीच्या वाळूत हवा अठरा-वीस पीएसआयवर उतरवली तर टायर पसरतो आणि गाडी निघते. पण डांबरावर परतायच्या आधी ती पुन्हा भरायची. कमी हवा, उन्हाळा आणि ओझं एकत्र आले की टायर फुटतो. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा.

उंची वाढली म्हणून गाडीची वजन वाहण्याची क्षमता वाढत नाही. उलट गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर ती आधीपेक्षा लवकर कलते. तोरणमाळच्या किंवा कन्नडच्या घाटात वेग आधीपेक्षा कमी ठेवा, हौद्यात माणसं बसवू नका, आणि जड माल नेहमी खाली, केबिनच्या बाजूला ठेवा. यावल आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत. उंच गाडी मिळाली म्हणून वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथल्या आतल्या वाटांवर जायचं नाही.

स्टेपनी चारही टायरच्याच मापाची घ्या. फोर व्हील ड्राइव्ह लावून एक चाक लहान राहिलं तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअर पेटीवर) येतो. तशी वेळ आलीच तर टू व्हीलमध्ये, हळू, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच. मोठी स्टेपनी मूळ जागेत मावते का ते टायर घेण्याआधी मोजा. आणि गाडीसोबत आलेला जॅक आता पुरेसा उंच जात नाही, हे घरीच एकदा चाक उचलून बघा. सोबत साग किंवा बाभळीचा जाड, सपाट गुटका ठेवा. तो जॅकच्या खाली घालायचा, वर नाही.